माती न खणता तिला खाऊ घालायचं कसं: मुंबईच्या पावसाप्रमाणे खत, पेंड आणि जीवामृत

गोरेगावातल्या आमच्या सोसायटीत कंपाउंडच्या भिंतीजवळ तीन वाफे आहेत. प्रत्येक चार फूट रुंद, दहा फूट लांब. सात वर्षांपूर्वी आतलं डेब्रिज काढायला एकदा कुदळ मारली होती, त्यानंतर नाही. पालक, लाल माठ, वांगी, मिरची, चवळी, पावसात पडवळ आणि अळू, सगळं त्याच न खणलेल्या मातीत येतं. बघायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच विचारतो, "खणत नाही, तर खत मिसळता कसं?"

मिसळत नाही. वर ठेवतो. खाली न्यायचं काम गांडुळं, बुरशी, बारीक किडे आणि पाणी करतं. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पावसाळा संपल्यावर सागाखालचा पाला हाताने उचकून बघा. वरचं पान अख्खं असतं, त्याखालचं जाळीदार, त्याखाली नुसता चुरा, आणि चुरा कुठे संपतो नि माती कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. वाफ्यात आपल्याला हेच घडवायचं आहे, फक्त भाजी भुकेली असते म्हणून थोडं लवकर आणि थोडं जास्त.

काय घालायचं आणि किती, हे कुठेही वाचायला मिळतं. मुंबईत खरी गोम "कधी" यात आहे. जुलै महिन्यात एकट्या सांताक्रूझला सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मातीत जे विरघळलेलं असतं, विशेषतः नत्र (नायट्रोजन), ते या पाण्याबरोबर झिरपून किंवा वाहून जातं. त्यामुळे पुस्तकात "पावसाळ्यापूर्वी खत द्यावे" असं लिहिलेलं असलं तरी मी आमच्या वाफ्यांचं मुख्य जेवण पावसानंतर ठेवते.

खणायचं का नाही

माती उलटली की तिच्यात एकदम हवा शिरते, जिवाणू सेंद्रिय भाग झपाट्याने खातात आणि त्यातला बराचसा कर्ब हवेत जातो. आपल्याकडच्या उष्ण दमट हवेत हे फार वेगाने होतं. पीक आठवडाभर टवटवीत दिसतं, कारण साठवलेलं नत्र एकदम मोकळं होतं. पण ते मुद्दलातून केलेलं खाणं आहे. शिवाय मायकोरायझा नावाची बुरशी मुळांना चिकटून दूरवरचं स्फुरद (फॉस्फरस) आणि पाणी आणून देते, तिचे धागे कुदळीने तुटतात. वांगी, मिरची, टोमॅटो, चवळी, भेंडी यांना या बुरशीचा मोठा आधार असतो. मुळा, कोबी, मोहरी, पालक, माठ हिच्याशी संगत करत नाहीत, म्हणून मी एका वाफ्यात लागोपाठ मुळा-पालक घेत नाही. मध्ये चवळी किंवा वाल येऊ देते, म्हणजे बुरशी उपाशी राहत नाही.

आणि हे केवळ हौशी बागेपुरतं नाही. मुंबईहून लोकलने जाता येईल अशा नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी सगुणा तंत्र विकसित केलं. त्यात नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. गादीवाफे कायमचे, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. कोकणातल्या मुसळधार पावसात भात असा येतो, तर आपला पालक का नाही येणार?

एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे सांगते. नव्या सोसायटीच्या आवारात माती नसते, भराव असतो: विटांचे तुकडे, सिमेंटची ढेपं, फरशा. तिथे पहिल्यांदा फूटभर खोदून हे काढावंच लागतं. ते एकदाच करा आणि नीट करा. त्यानंतर वाफ्यात पाय ठेवायचा नाही, म्हणून रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नको. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे. भिंतीला चिकटून वाफा असेल तर अडीच फूट पुरे.

पायरी पहिली: कंपोस्टचा थर, वर्षातून एकदा

चार बाय दहाच्या वाफ्यावर एक इंच जाडीचा थर द्यायला सुमारे ९५ लिटर कंपोस्ट लागतं, म्हणजे रंगाच्या २० लिटरच्या पाच बादल्या. पहिल्या वर्षी दोन इंच द्या, पुढे दर वर्षी एक इंच. हा सगळा हिशेब घमेल्यांवर करू नका, बादलीवर करा. घमेलं प्रत्येकाचं वेगळं भरतं.

आणायचं कुठून? २०१७ पासून पालिकेने मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं आहे. त्यामुळे अनेक ठिकाणी खत तयार होतं आणि न्यायला कोणी नसतं. जवळच्या मोठ्या संकुलाच्या सेक्रेटरींना जाऊन विचारा. मी दोन ठिकाणांहून आणते, पैसे कोणी घेतले नाहीत, रिकाम्या गोणी मात्र परत मागतात.

असं खत चाळून घ्या, त्यात प्लास्टिक असतंच. मग त्याची परीक्षा घ्या. एका करवंटीत ओलसर खत भरून मेथीचे दहा दाणे पेरा. चार दिवसांत आठ-नऊ उगवले आणि पानं हिरवी असली तर खत तयार आहे. उगवलेच नाहीत किंवा टोकं जळाली, तर ते अजून कच्चं आहे नाहीतर त्यात मीठ जास्त आहे. शिजवलेलं अन्न बरंच पडलेल्या खतात हे होतं. कच्चं खत गोणपाटाखाली महिनाभर मुरू द्या. खारट असेल तर खाली भोकं असलेल्या टपात घालून दोनदा पाणी सोडून निथळा.

शेणखत आणि गांडूळखत हेही चालतं. साध्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्काच असतं, ते मुख्यतः मातीचा पोत सुधारतं. गांडूळखत जास्त कसदार, पण वाफाभर घालायला महाग पडतं. मी ते फक्त रोप लावताना, मुळांशी मूठभर घालते.

पायरी दुसरी: पेंड, आणि माझी एक चूक

भाजीची खरी भूक पेंडीने, म्हणजे बियांचं तेल काढून उरलेल्या चोथ्याने, भागते. निंबोळी पेंडीत आणि मोहरीच्या पेंडीत नत्र पाच टक्क्यांच्या आसपास, शेंगदाणा पेंडीत सात टक्क्यांच्या आसपास. एका वाफ्याला एका हंगामात ४०० ग्रॅम निंबोळी पेंड देते, दोन हप्त्यांत: अर्धी लावणीच्या वेळी, अर्धी फुलं लागताना. वांगी-टोमॅटोसारखं खादाड पीक असेल तर वर २०० ग्रॅम मोहरीची पेंड. नर्सरीतून आणलेली लाल माती तुम्ही वापरत असाल तर वर्षातून एकदा २०० ग्रॅम हाडांचा चुरा उपयोगी पडतो. जांभ्याच्या लाल मातीत स्फुरद अडकून बसतो, आणि हाडांचा चुरा आम्लधर्मी मातीतच नीट विरघळतो.

दुसऱ्या वर्षी मी मेच्या अखेरीला, पाऊस यायच्या आत म्हणून, तिन्ही वाफ्यांवर शेंगदाणा पेंड भरपूर पसरली. त्याच रात्री घुशी आल्या. सकाळी वांग्याची चार रोपं मुळासकट उपटलेली, वाफ्याच्या कडेला हातभर खोल बीळ. जे उरलं ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यातल्या पावसाने नेलं. भिंतीखालच्या गटाराच्या तोंडाशी तपकिरी साय साचली होती. जुलैच्या मध्याला पडवळाची खालची पानं पिवळी पडली. एवढं घालूनही माती उपाशीच राहिली, याचं फार वाईट वाटलं.

तेव्हापासून तीन गोष्टी पाळते. शेंगदाणा पेंड आणि हाडांचा चुरा एकटा कधीच टाकत नाही. दुप्पट निंबोळी पेंडीत कालवून टाकते, कडू वासामुळे घुशी पुष्कळ कमी येतात. पेंड उघडी ठेवत नाही. आच्छादन, म्हणजे मातीवर पसरलेला पाला, बाजूला करायचं, पेंड भुरभुरायची, वर दोन मुठी कंपोस्ट, मग आच्छादन पुन्हा वर. आणि जून ते मध्य सप्टेंबर पेंडीचा डबा बंद.

राखेबद्दल दोन शब्द. राखेने पोटॅश मिळतं, पण माती अल्कधर्मी होत जाते. वाफ्याला वर्षाला दोन मुठींपेक्षा जास्त नको आणि शेणाच्या किंवा गोमूत्राच्या पाण्याबरोबर तर नकोच, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. सोसायटीच्या होळीची राख घ्यायची असेल तर त्यात काय जाळलं होतं ते आधी विचारा. प्लायवूड, रंगवलेलं फर्निचर, प्लास्टिक पडलं असेल तर ती राख बागेत आणू नका.

पायरी तिसरी: आच्छादन

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि याला पैसा लागत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मुंबईच्या रस्त्यांवर पाल्याचा खच पडतो. पर्जन्यवृक्षाची, म्हणजे आपल्या रस्त्याकडेच्या त्या छत्रीसारख्या विलायती शिरीषाची, बारीक पानं मिळाली तर सोन्यासारखी जपा. ते शेंगवर्गीय झाड आहे, पाल्यात नत्र चांगलं, आणि पान बारीक असल्याने थर दाबून बसत नाही. देशी बदामाचं पान मोठं आणि चिवट. ते तसंच टाकलं तर एकावर एक चिकटून छप्पर तयार होतं आणि पाणी आत जात नाही. गोणीत भरून पायाने तुडवून चुरा करा. आंब्याचं पान सावकाश कुजतं, उन्हाळ्यासाठी उत्तम. मी झाडूवाल्या दादांना गोण्या देऊन ठेवते. पाला जाळायचा नाही आणि गाडीतही भरायचा नाही, एवढंच सांगते. वर्षाला पंचवीस गोण्या लागतात आणि त्या जिन्याखाली मावत नाहीत, म्हणून भिंतीशी तारेच्या जाळीचं गोल कडं करून त्यात ठेवते.

रसवंतीवरचा उसाचा चोथाही चांगला, पण आधी दोन आठवडे उन्हात वाळवून. ताजा टाकला तर मुंग्या आणि आंबूस वास. नारळाच्या शेंड्या जाडजूड असल्या तरी कडेला लावायला चालतात.

सुका पाला नत्र खातो ही भीती खरी आहे, पण तो मातीत गाडला तर. वर पसरलेला पाला फक्त अगदी वरच्या पापुद्र्यातून नत्र उचलतो, मुळांपर्यंत त्याची झळ पोचत नाही. न खणण्याचा हा एक सरळ फायदा.

जाडी ऋतूप्रमाणे बदला. मार्च ते मे चार ते सहा इंच. मेमध्ये दुपारी उघड्या मातीवर हात टेकवत नाही, पाल्याखाली मात्र गारवा असतो. पावसाळ्यात दीड-दोन इंच पुरे, कारण जाड ओल्या थराखाली आफ्रिकन गोगलगायी वस्ती करतात. एका रात्रीत त्या दुधीचं रोप संपवतात. जुलैत रात्री नऊ-साडेनऊला टॉर्च घेऊन खाली उतरायचं आणि हातमोजे घालून त्या गोळा करायच्या, यावाचून दुसरा खात्रीचा उपाय मला सापडलेला नाही. गोळा केलेल्या मिठाच्या पाण्यात टाका. ते पाणी वाफ्यात नाही. पावसाळ्यात वाफ्यात काम करताना हातमोजे आणि बंद बूट हवेतच, उंदीर-घुशींमुळे लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. आणि रोपाच्या खोडाला पाला टेकवू नका, चार बोटं जागा मोकळी ठेवा.

पायरी चौथी: मुळं आत ठेवा, ताग वर झोपवा

पीक संपलं की उपटायचं नाही. विळ्याने जमिनीलगत कापायचं. मुळं आत कुजतात, त्यांच्या जागी पाण्याच्या आणि गांडुळांच्या वाटा तयार होतात. टोमॅटो-वांग्याच्या मुळांवर गाठी दिसल्या तर मात्र ते सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत, आहेत. ती मुळं काढून कचऱ्यात द्या, कंपोस्टमध्येही नको.

पावसाळ्यात एखादा वाफा रिकामा राहणार असेल तर पहिल्या पावसाला ताग पेरा, मूठ-दोन मुठी बी पुरतं. पंचेचाळीस दिवसांत कमरेच्या वर जातो. पिवळी फुलं दिसायला लागली की कापून तिथल्या तिथे आडवा करायचा, गाडायचा नाही. जो पाऊस नत्र धुऊन नेतो, त्याच पावसात हे पीक हवेतलं नत्र मुळांच्या गाठीत साठवतं आणि स्वतः पुढच्या भाजीचं आच्छादन होतं. फुलोऱ्यानंतर आठ-दहा दिवस जरी उशीर केला तरी काड्या लाकडी होतात आणि पुढे दिवाळीपर्यंत कुजत नाहीत.

पायरी पाचवी: पातळ खतं

आता सगळ्यांच्या आवडीचा भाग. जीवामृत, अमृतजल, कंपोस्टचा अर्क. यांच्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ही भाजी-भाकरी नव्हे, ताटातली चटणी. वर पाला आणि कंपोस्ट असेल तर ही पाणी मातीतल्या जिवांना चालना देतात, रोपालाही थोडं तयार खाणं मिळतं. उघड्या, उपाशी मातीवर बादल्या ओतून काही साधत नाही.

पाण्याची काळजी आधी. पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो, तो जंतू मारण्यासाठीच असतो. पाणी रुंद तोंडाच्या बादलीत रात्रभर उघडं ठेवून सकाळी वापरा.

जीवामृताचं मूळ प्रमाण नैसर्गिक शेतीचा प्रसार करणाऱ्या सुभाष पाळेकरांचं, एकरासाठी २०० लिटरचं. सोसायटीतल्या तीन वाफ्यांना पाच लिटर भरपूर होतं: पाच लिटर पाणी, पाव किलो ताजं शेण, पाव लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ, ५० ग्रॅम बेसन आणि आपल्याच वाफ्यातली चिमूटभर माती. ही माती पाल्याखालची घ्या, वरची वाळलेली नको. मूळ कृतीत देशी गाईचं शेण सांगितलं आहे. आरेच्या तबेल्यांतून मिळतं ते म्हशीचं, मी ते कंपोस्टात घालते. प्लास्टिकच्या बादलीत सगळं कालवून सावलीत ठेवा, दिवसातून दोनदा काठीने ढवळा. थंडीत तीन दिवस, ऊन तापायला लागलं की दोनच. वर बारीक फेस आणि आंबट-गोड, ताकासारखा वास आला की तयार. नाक मुरडावं असा कुजका वास आला तर ढवळणं कमी पडलं आहे. ते भाजीला घालू नका, पाल्याच्या ढिगावर ओता.

तयार जीवामृतातलं एक लिटर दहा लिटरच्या झारीत घालून वरपर्यंत पाणी भरा. एक झारी एका वाफ्याला. संध्याकाळी, आधी साध्या पाण्याने माती ओली करून, मग हे. आच्छादनावरूनच शिंपडा, हटवायची गरज नाही. पंधरा दिवसांतून एकदा पुरे.

अमृतजल याहून साधं: दहा लिटर पाणी, एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ, तीन दिवस रोज तीनदा ढवळायचं, चौथ्या दिवशी दहापट पाण्यात. बेसन नाही. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारातून ही नगरशेतीची परंपरा आली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंपाकघराच्या कचऱ्यावर फुलवलेली बाग याच वाटेवरची. तिथे अमृतजलात भिजवलेल्या पाल्यापासून मातीच तयार केली गेली. ज्यांच्याकडे जमीन नाही, फक्त गच्ची आहे, त्यांनी हा मार्ग धरावा. पाल्याची माती हलकी असते आणि स्लॅबवर वजन कमी येतं.

शेण मिळत नसेल तर गांडूळखताचा अर्क करा. एक किलो चांगलं गांडूळखत जुन्या पंचात बांधून रात्रभर उघड्या ठेवलेल्या दहा लिटर पाण्यात सोडायचं. फिशटँकचा छोटा एअर पंप मिळाला तर त्याची नळी तळाशी सोडा, क्रॉफर्ड मार्केटात असे पंप मिळतात. आपल्या हवेत अठरा ते चोवीस तास पुरेत. पंप बंद केल्यावर चार-पाच तासांत वापरून टाका. यात गूळ घालायचा मोह होतो, पण साखर जास्त झाली की नको ते जिवाणूही वाढू शकतात. मी घालत नाही.

शेणाची कुठलीही पाणी कच्च्या खाण्याच्या पानांवर फवारू नका. कोथिंबीर, पुदिना, सॅलडची पानं असतील तिथे मुळाशीच, आणि काढणीच्या महिनाभर आधी थांबा.

बादलीच्या तोंडावर सुती कापड ताणून घट्ट बांधा. हवा जाते, डास जात नाही. पावसाळ्यात पालिकेची माणसं साठलेलं पाणी तपासत येतात आणि ते योग्यच आहे. तळमजल्यावर राहणाऱ्यांच्या खिडकीखाली बादली ठेवू नका. आमच्या तळमजल्यावरच्या काकूंनी पहिल्याच वर्षी वासाची तक्रार केली होती. बादली पंपरूमच्या मागे हलवली, पहिला लाल माठ त्यांच्याकडे पाठवला. आता शहाळ्याच्या शेंड्या त्याच जपून ठेवतात.

वर्षभर कधी काय

सप्टेंबरअखेर ते मध्य ऑक्टोबर हे आमचं पाडव्याचं जेवण. पाऊस परततो, माती ओली आणि ऊबदार असते, जिवाणू सर्वांत जोमात. याच वेळी कंपोस्टचा इंचभर थर, पेंडीचा पहिला हप्ता, तागाच्या काड्यांवर नवा पाला. लगेच वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपं, मेथी-पालकाच्या ओळी. ओळीपुरता पाला बोटाने बाजूला सारायचा, पेरून झाल्यावर रोप चार बोटं झालं की पुन्हा ओढायचा. डिसेंबरमध्ये पेंडीचा दुसरा हप्ता, मार्चपर्यंत पंधरवड्याला जीवामृत. एप्रिल-मेमध्ये नवं खत नाही, फक्त जाड पाला आणि पाणी. जून ते सप्टेंबर पातळ खतंही बंद, ती सरळ गटारात जातात.

कुंड्यांनाही हेच लागू. कुंडी दर वर्षी ओतून माती बदलण्याची गरज नसते. माती वर्षभरात दोन-तीन इंच खाली बसतेच; झाड कापा, मुळं आत राहू द्या, त्या जागेत कंपोस्ट आणि वर पाला. फक्त प्रमाण अगदी कमी: बारा इंची कुंडीला एक मूठ निंबोळी पेंड सहा महिन्यांना, पाणी घालून पातळ केलेलं जीवामृत महिन्यातून एकदा पेलाभर. कुंडीच्या कडेला पांढरी खार दिसली तर सगळं थांबवून साधं पाणी तळातून वाहीपर्यंत दोनदा द्या.

आणखी खत हवं की नको, हे मी जानेवारीत पाला उचलून ठरवते. ऑक्टोबरचा थर अर्धा झाला असेल, खाली मातीला चिकटलेले पांढरे धागे असतील, गांडुळांच्या विष्ठेचे बारीक ढीग दिसत असतील आणि वास पहिल्या पावसासारखा असेल, तर पेंड घालत नाही, फक्त पाला वाढवते. पानं ओली, चिकट, एकमेकांना लपेटलेली आणि वास आंबट असेल तर पाणी जास्त झालं आहे. थर काट्याने सैल करून आठवडाभर पाणी तोडते. आणि पाला जसाच्या तसा, कुरकुरीत, खाली कोरडी माती असेल तर खताआधी पाणी: दोन संध्याकाळी सावकाश, झारीने, खालपर्यंत भिजेल इतकं.